सासू ‘बोल’ म्हणेपर्यंत

निकोसिया, सायप्रस
पवित्र क्रूसाच्या सणाचा दुसरा दिवस

आई,

आम्ही सुखरूप पोचलो. आयास बंदर सुटल्यावर मी जी आडवी झाले, ती केरिनियाचा किल्ला दिसेपर्यंत उठले नाही. तुझी भाची मात्र ठणठणीत. वानेनी डोलकाठीला धरून उभी आणि तोंडाची टकळी चालू. मासे झोपतात कधी? खलाशांना पोहता का येत नाही? वारा पडला की हे लोक कोणत्या संताला हाक मारतात? सोळा वर्षांची झाली, सायप्रसची राणी झाली, तरी प्रश्न काही संपत नाहीत. मी म्हटलं, "बाई, काय ते किनारा येईपर्यंत विचारून घे, पुढे गप्पच बसायचंय." तर म्हणते, "म्हणूनच तर घाई करतेय ना, मामकानताई."

मला वाटलं होतं, हिला काही हे जमायचं नाही. पण जमिनीला पाय लागला आणि हिने रुमाल तोंडावर ओढला तो ओढलाच. चर्चमध्ये बिशपने विचारलं तेव्हा नुसती मान हलवली. सिसमध्ये राजाच्या वतीने त्या म्हाताऱ्या सरदाराने अंगठी घातली तेव्हाही बाप म्हणून मामानेच तिच्यासाठी 'हो' म्हटलं होतं, त्यामुळे इथे कुणी अजून तिचा आवाज ऐकलेला नाही. मुलगी असावी तर अशी!

राजा रेनो दिसायला बरा आहे, कान जरा मोठे. पण आशीर्वाद झाला, जेवण झालं आणि सकाळी समोरच्या किनाऱ्यावर लढाई उभी राहिल्याचा निरोप आला. गेला. ईस्टरपर्यंत येईन म्हणाला, तेही स्वतःच्या आईला. नवरा-बायको एकटे असले की बोलायची मुभा असते ना आपल्यात, तेवढीही बिचारीच्या वाट्याला आली नाही.

घर आता राणीमाता मेलिओरच्या हातात आहे. उंच बाई, कायम काळ्या कपड्यांत. तीही मूळची इथली नाही, बर्गंडीहून सून म्हणून आलेली. ती जवळ आली की वानेनी उठते, नजर खाली, हात पोटाशी, ओठ मिटलेले. परवा कुणाच्या तरी हातून मागे परात पडली. मी किंचाळले. हिची मान वळली नाही. तू शिकवलंस तस्सं!

तुझी,
मामकान


सिस
डाळिंबं उतरवायचे दिवस

मामकान,

तू पत्र लिहितेस की बंदरावरची पावती देतेस? राणीमातेबद्दल एवढंच? उंच आणि काळे कपडे? मी इथे भिंतींकडे बघत बसलेली बाई, मला काही सांगशील की नाही? तिला दात किती राहिलेत? जेवायला काय घेते? त्या पश्चिमेकडच्या फ्रँकांच्या विधवा पुरुषांच्या पंगतीत बसून दारू पितात म्हणे, खरं का? सुनेकडे बघताना डोळ्यांत काय असतं? मुलं किती झाली, जगली किती? नवरा कशाने गेला? सगळं विचार. नाही विचारता आलं तर बघ.

पोरीचं ऐकून माझा ऊर भरून आला. तिची आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. मी वाढवलं तिला, आणि लोक म्हणायचे, खोशाकबाई, या भाचीची जीभ तुम्हाला खाली बघायला लावणार. आता कुठे गेले ते लोक?

तिला सांग, सासू डिवचेल. मुद्दाम काहीबाही बोलेल, मोठ्याने बोलेल, कपाळाला आठ्या घालेल. बघायचं असतं तिला, पोर किती कसाची आहे ते. बधायचं नाही. मी या घरात आले तेव्हा पहिलं वर्ष संपलं, तू जन्मलीस, तरी माझ्या सासूने मला मुभा दिली नव्हती. तुझ्या वेळी मी उशी चावली, पण ओरडले नाही. मग द्राक्षांच्या आशीर्वादाच्या सणाला म्हातारीने स्वतःच्या कानातलं काढून माझ्या हातात ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बोल, पोरी." मी काय बोलले माहितेय? "तुमच्या पिलाफात मीठ फार असतं." दोन वर्षं साठलं होतं!

तेव्हा दोन्ही हवं. स्वतःच्या अंगावरची वस्तू, आणि तोंडाने 'बोल'. त्याआधी एक अक्षर नाही. मला शब्द दिलाय तिने, तिच्या आईच्या क्रूसावर हात ठेवून. आठवण कर.

आई


निकोसिया
फ्रँकांच्या ख्रिस्तजन्मानंतर, आपल्या आधी

आई,

हे लोक सण आपल्या आधीच उरकून घेतात. आपला उपवास चालू आणि यांच्याकडे रानडुक्कर, व्हिनेगरमध्ये मुरवलेले एवढे एवढे पक्षी, साखरेचे किल्ले. वानेनीने ताटाला हात लावला नाही. राणीमाता उठून गेली. आपले म्हातारे साधू तेर होव्सेप दुभाषे म्हणून आलेत खरे, पण ते समजावून सांगेपर्यंत मेजवानी संपली होती.

पण ते सोड. तू म्हणालीस तसंच झालं! राणीमाता पोरीची परीक्षा घेतेय, आणि जीवही तितकाच लावतेय. तिच्याशी बोलताना एकेक शब्द सुटा करून, अगदी कानाशी येऊन ओरडते. मागून येऊन टाळ्या वाजवते. पोर ढिम्म. मग स्वतःचा वैद्य पाठवला. त्याने जीभ बाहेर काढायला लावली, खालून बघितली, वरून बघितली. इतकी काळजी कोण घेतं? आता रोज सकाळी स्वतःच्या हाताने तिला पारव्याच्या जिभा भरवते. इथला मानाचा पदार्थ असावा. मला एकदाही मिळाला नाही. कसल्याशा संताच्या थडग्यापाशीही घेऊन गेली आणि वानेनीच्या गळ्याला तिथला दगड लावला.

आणि तिला एक वस्तू दिली. चांदीची छोटी घंटा. काही हवं असलं की वाजवायची. आता तूच सांग, ही ती देणगी का? पण घंटा नवी होती, अंगावरची नव्हती, आणि 'बोल' काही म्हणाली नाही. वानेनी म्हणाली, नाही धरायची. म्हणजे दार लावून, माझ्या कानात म्हणाली.

तुला हवी असलेली बातमी आता ऐक. दात बहुतेक सगळे आहेत. दारू पिते, पाणी घालून. मुलं पाच झाली, राजा रेनो तेवढा उरलाय. आणि महिनाभर झाला, दुपारी सगळे झोपले की ती एकटी वानेनीकडे येते, मला बाहेर घालवते आणि दार लावून घेते. मग बोलत बसते. आई, दाराला लावून लावून माझा कान लाल झालाय. हळू बोलते, आणि फ्रँक भाषा मला अजून धड कळत नाही. एकदा हुंदका ऐकू आला. वानेनीला विचारलं, "काय सांगते गं ती?" खांदे उडवले. कळत नाही म्हणावं तर परवा आचारी माझ्याबद्दल काय बोलला ते मला हिनेच सांगितलं होतं. माझ्यापासून काही लपवायची हिची ही पहिलीच वेळ.

मामकान


सिस
आपल्या ख्रिस्तजन्माच्या सणानंतर

मामकान,

वाचतेस ते उभ्याने वाचू नकोस. बस.

पेरोनेल आठवते ना, आपल्याकडच्या फ्रँक शिलेदाराची बायको? ती विरजण मागायला आली होती. मिरवायला म्हणून मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. टाळ्यांपर्यंत ऐकत होती. जिभांपाशी तिने भांडं खाली ठेवलं. घंटेपाशी कपाळाला हात लावला. म्हणाली, "खोशाकबाई, अहो, त्यांना वाटतंय तुमची पोर मुकी आहे!"

फ्रँकांच्यात नवी सून पहिल्या दिवसापासून बोलते. सासूशी, सासऱ्याशी, कुत्र्याशी, सगळ्यांशी. गप्प बसली तर एक तर तिला वाचा नाही, नाहीतर तिला सगळ्यांचा तिरस्कार आहे. पारव्याच्या जिभा ते मुक्या पोरांना खायला घालतात, म्हणजे वाचा फुटावी. आणि घंटा मुक्यालाच देतात. आम्ही इथे अभिमानाने फुगलोय आणि तिकडे ते आपल्याला फसवणारे समजतायत!

मी पेरोनेलला विचारलं, मग काय करतात अशा सुनेचं? तिने विरजण घेतलं आणि जायला निघाली. मी दारात आडवी उभी राहिले तेव्हा सांगितलं. परत पाठवतात. आणि परत आलेल्या पोरीचं आपल्याकडे काय होतं, ते तुला सांगायला नको. केस कापून मठात, जन्मभर.

हे पत्र मिळेल त्या क्षणी वानेनीला जाऊन सांग. आत्याने शब्दातून सोडवलं. आईच्या क्रूसाने सोडवलं. बोल म्हणावं! ओरड! गाणं म्हण! समुद्र बंद आहे, पहिलं जहाज कधी निघेल ते देवालाच ठाऊक. मी माणूस आयासला बसवून ठेवलाय.

आई


निकोसिया
संत सार्गिसच्या उपवासात

आई,

वादळं चालू आहेत, हे पत्र कधी निघेल माहीत नाही. पण लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

त्यांना वाटतंय वानेनी मुकी आहे. मुकी आणि बहिरी! मला गेल्या आठवड्यात कळलं. बिशप आला, दोन सरदार आले, लिहिणारा आला. वानेनीला मध्ये उभं केलं. राणीमाता तेर होव्सेपना म्हणाली, "सिसच्या लोकांनी माझ्या मुलाच्या गळ्यात खोटं नाणं बांधलंय." मी किती दिवस जे लाड समजत होते, ते सगळं त्या एका वाक्यात माझ्या डोक्यात सरळ झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पुढे होऊन ओरडले, "बोलते ती! तुमच्यापेक्षा जास्त बोलते! आमच्यात सासूने अंगावरचं काही देऊन 'बोल' म्हटल्याशिवाय सून तोंड उघडत नाही!" तेर होव्सेपनी ते सांगितलं. सरदार हसले. बिशप म्हणाला, "क्रूसाच्या सणापासून गप्प बसलेली बाई? असं कुठे असतं का? दाई आहे, ती पोरीची बाजू घेणारच." दाई! मी! मग तो वानेनीजवळ गेला आणि म्हणाला, "एक शब्द बोल, पोरी. एकच. मग प्रश्नच मिटला."

आई, मी डोळ्यांनी तिला विनवत होते. तिचे ओठ हलले. मी पाहिले. मग तिने राणीमातेकडे बघितलं आणि मिटून घेतले.

राजा आल्यावर ईस्टरला निकाल. संसार सुरूच झाला नाही, तेव्हा लग्न रद्द करायला अडचण नाही म्हणतात. त्रिपोलीच्या कुणा मुलीचं नाव आतापासून ऐकू येतंय.

मी राणीमातेच्या तैनातीतल्या बायकांना म्हटलं, या, दाराबाहेर उभ्या राहा, आत आम्ही बोलतो ते स्वतःच्या कानांनी ऐका. आल्या. आणि आई, त्या क्षणापासून ही माझ्याशीसुद्धा बोलेनाशी झालीय. कुजबूज नाही, हुंकार नाही. मी रडले, रागावले, दंडाला धरून हलवलं. तिने माझे डोळे पुसले आणि गप्प.

राणीमाता मात्र दुपारी येतेच आहे. जिला हाकलायचंय तिच्याजवळ येऊन काय बोलते ही बाई?

मामकान


निकोसिया
मोठ्या उपवासाचा मध्य

आई,

तुझं पत्र आलं, माझं त्याच जहाजाने निघालं असेल. मी धावत आत गेले आणि तिला वाचून दाखवलं. आत्याने सोडवलं, क्रूसाने सोडवलं, बोल. तिने कागद घेतला, तुझ्या नावावर ओठ टेकले, आणि रडली. मी वाट बघत बसले. आता बोलेल, मग बोलेल.

मान हलवली. नाही.

म्हणजे आता हे तुझ्यासाठी नाही. मग कुणासाठी? हिच्या मनात काय आहे? मी हिला अंगाखांद्यावर खेळवलंय, आणि आज मला ही कळत नाही.

मामकान


सिस
झावळ्यांचा रविवार जवळ आला

मामकान,

नाही म्हणजे काय? शेफारलीय का ती? की खरंच वाचा गेली? नजर लागली असेल तर मीठ उतरून टाक. तेर होव्सेपना बायबल डोक्यावर धरायला सांग.

पेरोनेल म्हणते, पोरीला घरी परत यायचं असेल, म्हणून गप्प बसलीय. मला ते खरं वाटतं. तिला नीट समजाव. घर आता नाही. तुझ्या मामाने कालच मठाच्या मुख्य बाईंना निरोप धाडला, आणि मी पाया पडले तरी ऐकलं नाही. माझ्या कुशीत झोपलेली पोर ती, तिला त्या थंड दगडांत मी कशी बघू?

आणि ती बाई दुपारी येऊन सांगते तरी काय? त्यातच सगळं आहे, माझं मन सांगतं. शोधून काढ!

आई


निकोसिया
ईस्टरचा आठवडा

आत्या,

हे अक्षर माझं आहे. मामकानताई शेजारी बसून मान लांब करतेय, म्हणून मी कागद तिरका धरलाय.

मी इथेच राहणार आहे. हे आधी सांगते, म्हणजे तू छाती धरून बसायची नाहीस. आता सावकाश वाच.

पहिले महिने मी तुझ्यासाठीच गप्प होते. ते सोपं होतं, खरं सांगू तर मजाही येत होती. गप्प बसलं की माणसं केवढी दिसतात! कोण कुणाकडे बघत नाही, कोण जेवताना ब्रेड बाहीत घालतं, कोण खोटं हसतं. भाषा अशीच शिकले, ताटांकडे आणि तोंडांकडे बघत.

मग राणीमाता दुपारी यायला लागली. मला बहिरी समजूनच येत होती ती. सुरुवातीला मला शब्द कळायचे नाहीत, मी चेहरा बघत बसायचे. मग थोडे कळायला लागले. मग सगळेच. आत्या, ती या महालात तिच्या लग्नापासून आहे आणि तिचं म्हणणं ऐकायला एक माणूस नाही. इथे बोललेलं संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचतं. बहिरी सून म्हणजे देवानेच धाडली असं वाटलं असेल तिला. पाद्र्यालाही सांगितलं नसेल असं सगळं ती माझ्यासमोर ठेवायची, माझा हात हातात घेऊन, आणि जाताना डोळे पुसून पुन्हा राणीमाता होऊन जायची.

बिशप म्हणाला, एक शब्द बोल, तेव्हा शब्द माझ्या जिभेवर होता. नियमबियम मी त्या क्षणी विसरले होते. पण ती समोर बसली होती. मी तोंड उघडलं असतं तर त्याच क्षणी तिला कळलं असतं, की हिने सगळं ऐकलंय. बिशपसमोर, सरदारांसमोर. तिचं काय झालं असतं? मी गिळला तो शब्द. ताईशी बोलणंही त्याच कारणाने सोडलं, दाराबाहेर तिच्याच बायका उभ्या होत्या.

मला भीती वाटत नव्हती असं समजू नकोस. केस कापायची कात्री स्वप्नात यायची. तुझं पत्र आलं तेव्हा मी किती रडले ते ताईने लिहिलंच असेल. मला घरी यायचं नव्हतं, आत्या. मला इथेच राहायचं होतं. या बाईजवळ.

ईस्टरच्या आदल्या दुपारी ती आली. म्हणाली, "उद्या रेनो परततोय. परवा तुला जहाजावर बसवतील, पोरी. आता मी कुणाशी बोलू?" मग माझ्याकडे पाठ करून प्रार्थनेला बसली. उठताना गुडघा धरला आणि स्वतःशीच पुटपुटली, "मेली काठी कुठे ठेवली मी?"

काठी पलंगामागे पडली होती. मी उठले, ती काढली आणि तिच्या हातात दिली.

मी हे विचार करून केलं. तोंड उघडलं नाही, आणि चारचौघांतही केलं नाही. मला ऐकू येतं, ते फक्त तिला कळलं. पुढे मला ठेवायचं की घालवायचं, ते तिचं तिने ठरवावं. माझ्याजवळ तिला द्यायला तेवढंच होतं.

ती काठीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "कधीपासून?" म्हणाली. मी रुमाल तोंडावर धरला आणि मान खाली घातली. तिने काठी उगारली. मी डोळे मिटले. आत्या, मला वाटलं, बसणार आता. बसली नाही. मी डोळे उघडले तेव्हा ती गेली होती, आणि दार सताड उघडं होतं.

त्यानंतर तिचा काही निरोप नाही. ताईने पेट्या बांधल्या.

सोमवारी दरबार भरला. राजा आला होता, उन्हाने रापलेला, नाकाची सालं गेलेली. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग फक्त जमिनीकडे. बिशपने कागद उघडला. तेवढ्यात राणीमाता आली. डोळे सुजलेले. ती सरळ माझ्यापाशी आली, गळ्यातला क्रूस काढायला लागली. साखळी निघेना. शेवटी निघाली. तिने तो माझ्या हातात ठेवला आणि माझी मूठ मिटली.

"या लोकांच्यात असं असतं म्हणे," ती सगळ्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. किती घाबरली होती ती, आत्या! तिचं सगळं आयुष्य माझ्या तोंडात होतं, आणि ती मला ते उघडायला सांगत होती.

"बोल, पोरी."

मागे कुणीतरी हसलं. मी रुमाल काढला. आवाज आधी फुटेनाच, खाकरावं लागलं. मग मी म्हटलं, "आई, तुम्ही आधी बसा. उभ्या आहात कधीच्या."

केवढा कल्लोळ झाला! एक सरदार क्रूसाची खूण करतोय, ताई मोठ्याने रडतेय, तेर होव्सेप भाषांतर करतायत, ज्याची कुणालाच गरज नव्हती. राजा उठून उभा राहिला. बिशपला मात्र वेगळंच सुचलं. त्याचा चेहरा उतरला होता, कारण तोही माझ्यासमोर पुष्कळ बोलला होता. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "म्हणजे तुला ऐकू येतं? हा अख्खा हिवाळा तुझ्यासमोर जे जे बोललं गेलं, ते सगळं तू ऐकलंस?"

दरबारातले सगळेच आठवत होते, आपण काय काय बोललो. राणीमातेची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

मी म्हटलं, "ऐकलं असेल, बिशपमहाराज. पण मला तुमची भाषा येत नाही. एक अक्षर कळलं नाही."

हे मी त्यांच्याच भाषेत म्हटलं, कुठेही न अडखळता.

आधी राजा हसला. मग सगळे हसायला लागले. राणीमाता हसली नाही. तिने माझं मनगट सोडलं, माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि सगळ्यांदेखत रडली, आणि तिला कुणी विचारायच्या आत मी तिला धरून खुर्चीवर बसवलं.

राजाशी बोलणं झालं, एकांतात. त्याने विचारलं, तू नेहमी एवढीच बोलतेस का? मी म्हटलं, सहा महिन्यांचं साठलंय, बसून घ्या. तो बसला. कान मोठे आहेत त्याचे, कामाला येतील.

राणीमाता अजून दुपारी येते, दार लावून घेते. आता मीही बोलते. ताई बाहेर येरझाऱ्या घालते आणि आठवडाभर मला भंडावतेय, थंडीत ती काय सांगायची ते सांग म्हणून. तुझ्या पुढच्या पत्रात तूही तेच विचारशील, मला ठाऊक आहे.

पण आत्या, मला खरंच त्यांची भाषा येत नव्हती.

तुझी,
वानेनी